खिशातली कवळी

मी एक जुनी कवळी आहे. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. पाहुणे आले की माझी वाटी घाईघाईने कपाटात ढकलली जाते. जिच्यावाचून घास चावता येत नाही, तिचं नाव मात्र चारचौघांत काढायचं नाही.

दंतवैद्यांच्या मागच्या खोलीत एका कारागिराने मला गुलाबी हिरड्या आणि पांढरेशुभ्र दात देऊन घडवलं. माझे मालक निवृत्त वकील. कोर्ट सुटलं, तरी त्यांची वकिली सुटली नव्हती. प्रार्थनेच्या सभेत उभे राहिले की देवापुढेही ते मुद्देसूद बाजू मांडत. एकेक शब्द कसा खणखणीत! लोक म्हणत, "प्रार्थना ऐकावी तर वकीलसाहेबांची." मी ओठांआड फुगून जाई, कारण 'स' आणि 'त' माझ्यावाचून कुठून येणार? घरी एकटे असले तरी साहेब मला लावल्याशिवाय प्रार्थनेला बसत नसत. बोळक्या तोंडाने देवापुढे जायची त्यांना लाज वाटे. मलाही ते पटत होतं. देव आमच्या वाणीवर खूश आहे, अशी आम्हा दोघांची पक्की समजूत.

मित्रांनो, पुढे साहेबांच्या हिरड्या झिजल्या आणि मी सैल झाले. दुरुस्तीचं नाव काढलं की साहेब म्हणत, "बघू." मग एका सकाळी बेसिनपाशी त्यांना जोराची शिंक आली. मी खाली आपटले आणि माझे दोन तुकडे झाले. नेमकं त्याच दिवशी काकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, हृदयाचं ऑपरेशन होतं.

साहेबांनी मला छातीवरच्या खिशात टाकलं. हॉस्पिटलात ते तोंडावर रुमाल धरूनच वावरत होते. नर्सने काही विचारलं की नुसती मान हलवायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मिरवलं आणि ऐन वेळी मीच या माणसाला तोंड लपवायला लावलं.

काकू खाटेवर पडल्या होत्या. "अहो, मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "प्रार्थना म्हणा ना."

साहेब रुमालाआडून पुटपुटले, "दात नाहीत गं. दुरुस्त झाले की चांगली म्हणतो."

"आणि तोवर डॉक्टरांना थांबायला सांगू?"

तेवढ्यात काकूंना न्यायला माणसं आली. साहेबांनी गडबडीने नेहमीचं भारदस्त पहिलं वाक्य उचललं. पण शब्द हिरड्यांवरून घसरले आणि फुसफुस करत बाहेर पडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना हसू आवरेना. साहेबांचे कान लाल झाले. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं.

ते उठले नाहीत. त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला.

"देवा," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. "माझ्याकडे काहीच नाही रे. धड बोलताही येत नाही. हिला सोडू नकोस."

साहेबांच्या तोंडून देवाला 'रे' म्हटलेलं मी कधीच ऐकलं नव्हतं. काकूंनी चादरीच्या टोकाने त्यांचे गाल पुसले. "आता जाते मी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत नव्हता.

मग साहेब बाहेर बाकड्यावर बसले आणि तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. येणारे-जाणारे वळून बघत होते. मला फार लाज वाटली, मित्रांनो. त्यांची नव्हे, माझीच. देवाला ऐकू जायला माझी गरज कधी नव्हतीच. उलट माझ्या खणखणाटात या माणसाला स्वतःचं रडू कधी सापडलं नाही. देव कुठे असतो ते मला ठाऊक नाही, पण त्या बाकड्यावर तो आम्हाला अगदी खेटून बसला होता.

काकू आता बऱ्या आहेत. मलाही जोडून आणलं आहे. माझ्यासारख्या वस्तू सैल झाल्या की वेळीच दुरुस्तीला न्या, एवढं ऐका. आणि कधी तुम्हाला धड शब्द सुचले नाहीत, तोंड दाखवायची लाज वाटली, तर ती लाज घेऊनच देवाकडे जा. बाकड्यावर त्या दिवशी मलाही काही मागायचं होतं. 'मला जोडून दे' हे ओठांवर आलं होतं. पण मी देवाकडे 'काकू बऱ्या होऊ देत' एवढंच मागितलं, त्या दोन तुकड्यांनीच.