जवायाचा दहाचा पाना

आमच्या घरी नट-बोल्टाले कोणी हात लावत नसे. आमचे हे कोर्टात होते. बल्ब बदलाचा असला तरी माणूस बोलवत. गाडीचं काही निघालं की देवीदास मिस्त्री यायचा, आधी चहा घ्यायचा, मंग बोनेट उघडायचा, अन् आमी ओट्यावर खुर्च्या टाकून पाहायचो. याले म्हणतात इज्जतीत राहणं. अन् आमचे जवाई? विपुलराव बडनेऱ्याले रेल्वेच्या ऑफिसात चांगले सायब आहेत, अन् सुट्टीच्या दिवशी काय करतात, तं नळाचा वायसर बदलतात. मिक्सर खोलतात. माह्या घरचा कूलर त्यांनीच दुरुस्त केला, अन् चालतेही तो. पण म्हणून का आरती ओवाळू?

रागिणी माही एकुलती एक पोरगी. तुरीवरच्या अळीवर पीएच.डी. केली तिनं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तिची मुलाखत होती, सकाळी अकरा वाजता. दोन वेळा नोकरी अशीच हातची गेली होती, अन् वय असं की यंदा झालं तं झालं, नाही तं विषय संपला. आठ दिवसांपासून पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

जवाई म्हणाले, बडनेऱ्याहून सकाळची रेल्वे आहे, सव्वा-दीड तासात अकोला. रेल्वेतला माणूस दुसरं काय सुचवणार? मी म्हटलं, आमची डॉक्टर पोरगी फायली छातीशी धरून डब्यात उभी राहणार का? आमचे हे नाहीत आता, तरी यांची गाडी दारात आहे. ती यांच्या गाडीतूनच जाईल. जवाई "बरं" म्हणाले. ते नेहमीच बरं म्हणतात, अन् मले त्याचाच राग येते.

आदल्या दिवशी दोघं माह्याकडे अमरावतीले राहाले आले. संध्याकाळी जवायांनी गाडीची चावी फिरवली, तं गाडी हूं का चूं करेना. चार महिने उभी होती, बॅटरी मेली. मी देवीदासले फोन लावला. तो वरूडले कोणाच्या तरी ट्रॅक्टरखाली झोपलेला, म्हणे सकाळी दहाले येतो. दहाले! पण बोलता येते का त्याले काही, त्याच्यावाचून आपलं अडते. जवाई म्हणाले, "आई, मी बसवतो."

मंग जे पाहलं, ते दुश्मनाच्या सासूनंही पाहू नये. स्कूटरच्या पायदानावर बॅटरी ठेवून, गॅसची टाकी आणावी तसे आमचे जवाई भर बाजारातून आले. हातात भांडे घासाचे रबरी मोजे. मोबाइल तुळशीच्या कुंडीले टेकवला, त्यात कोण्या पोट्ट्याचा व्हिडिओ. तो पोट्टा सांगे अन् आमचे सायब ऐकत. काही उघडाच्या आधी वायरींचा फोटो काढला. मंग नट खोलाचा दहा नंबरचा पाना घेतला. काळी वायर आधी, लाल नंतर, असं स्वतःशीच तीनदा बोलले, शाळेतलं पोरगं पाढे म्हणते तसं. माह्या स्वयंपाकघरातून खायचा सोडा अन् गरम पाणी नेलं, जुन्या ब्रशनं वायरींच्या तोंडावरची पांढरी भुकटी घासत बसले. शेजारची जाईबाई भिंतीवरून पाहून राहिली होती. विचारते, जवाई आहेत का मिस्त्री? मी म्हटलं, हौस आहे त्यांले. शरमेनं मेल्यासारखं झालं मले.

नवी बॅटरी ओट्यावर होती. आता आमच्यात नवी वस्तू पूजेचा लाल नाडा बांधल्याशिवाय कोणी वापरत नाही. बोअरच्या मोटारीले नाडा आहे, कूलरले आहे, दसऱ्याले तं मी मिक्सरलेही बांधते. अन् एकदा बांधला की त्याले कात्री लावाची नाही, तो आपोआप कुजून पडला पाहिजे. मी हळद-कुंकू घेऊन आले. पण त्या डब्याले नाडा बांधावा कुठं? नुसता गुळगुळीत चौकोन. वर दोन खुंट्या होत्या शिशाच्या. मी लाल निशाणीवाल्या खुंटीले पाच वेढे दिले अन् गाठ मारली.

जवायांनी पाहलं. म्हणाले, "आई, हा कापू का? इथं वायर बसते."

मी म्हटलं, "आमच्या घरी नाड्याले कात्री लावत नाहीत. तुमच्या व्हिडिओत नसन सांगतलं."

त्यांनी एकदा रागिणीकडे पाहलं. ती फायलीत डोकं घालून बसली होती. मंग त्यांनी तो नाडा नखानं खाली सरकवून पाहला, तो काही सरकला नाही. त्याच्यावरच त्यांनी वायर बसवली, पाना फिरवला. चावी दिली अन् गाडी चालू झाली. रागिणी कितीतरी दिवसांनी हसली. मी म्हटलं, लागली लॉटरी.

सकाळी आठले निघाचं होतं. रागिणीनं निळी साडी नेसली होती, मी तिच्या हातावर दही ठेवलं. आमी दोघी मागं बसलो, जवायांनी चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. बडनेऱ्याची रेल्वे तोवर निघून गेली होती. रागिणी फाईल मांडीवर घट्ट धरून बसली, अन् तिच्या हनुवटीवरून पाणी टपकलं.

बारा वर्षांत मी जवायाले तोंडावर कधी वाकडं बोलले नव्हते. मनात बोलत होते, ते वेगळं. त्या दिवशी मी गाडीतून उतरले अन् जाईबाई भिंतीवर होती तरी बोलले.

"येत नव्हतं तं हात कायले लावला? तुमच्या त्या दहाच्या पान्यानं माह्या पोरीचं वाटोळं केलं."

जवायांनी बोनेट उघडलं, वाकून पाहलं, वायर हातानं हलवली. ती हलली. मंग ते हात पुसत माह्यासमोर आले. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तेच मले जास्त लागलं.

"आई," ते म्हणाले, "आता लावू का कात्री?"

मले आधी समजलंच नाही. मंग समजलं, नाड्यापायी वायर खुंटीले नीट धरतच नव्हती. मी घरात गेले, देवघराच्या फळीवरची कात्री आणली अन् त्यांच्या हातात दिली. त्यांनी वायर सोडवली, नाडा कापला, खुंटी पुसली, पाना फिरवला. दहा मिनिटंही लागले नाहीत. गाडी एका चावीत चालू झाली. कापलेला नाडा त्यांनी फेकला नाही, ओट्यावर माह्या खुर्चीजवळ ठेवला. मागचं दार उघडून मले म्हणाले, "बसा आई." मी म्हटलं, तुमी जा, घरी कोणीतरी पाहिजे. घरी कोणाची काही गरज नव्हती.

साडेआठ होऊन गेले होते. मंग मी ओट्यावर बसून राहिले. ना आंघोळ, ना पूजा. घड्याळाकडे पाहाची हिंमत होत नव्हती.

देवीदास दहाले येतो म्हणाला होता, तो साडेदहाले आला. आधी चहा मागितला. तो बशीत ओतून राहिला होता तेव्हाच रागिणीचा फोन आला. पोचलो, म्हणाली, आत जाऊन राहिली, विपुलनं रस्ताभर प्रश्न विचारून घेतले माह्याकडून. मी नुसतं बरं म्हटलं.

देवीदासनं तोवर ओट्यावरचा नाडा उचलला होता. एका बाजूनं काळा पडलेला, वायरीखाली चेपून चपटा झालेला. त्यानं तो उजेडात धरला अन् मोठ्यानं हसला.

"बॅटरीच्या खुंटीवर बांधला होता हा? कोण्या भैताडानं बांधला, बाई? जवायानं का?"

भिंतीवर जाईबाई होतीच.

"मी बांधला," मी म्हटलं. "चहा संपव अन् निघ."