चेन पडली नव्हती

बाथरूमचं दार अर्धा तास उघडलं नाही, तेव्हा बायकोने बाहेरून तिसऱ्यांदा हाक मारली.

"अहो, ठीक आहात ना?"

"हो, हो! नळ जरा गळतोय, तो बघतोय."

नळ गळत नव्हता. नकाशेकाका स्टुलावर बसून कोपरात रुतलेली खडी चिमट्याने एकेक करून काढत होते. डाव्या मांडीवर वीतभर खरचटलं होतं. रक्त लागलेला मोजा त्यांनी आधीच धुऊन पिळून ठेवला होता. आता पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायचा आणि काहीच न घडल्यासारखं नाश्त्याला जाऊन बसायचं, एवढंच उरलं होतं. चौसष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्याच घरात जखम लपवत होता!

वाचकहो, आपल्यापैकी किती घरांत असं दार बंद होत असेल? "पडलो म्हणून कळलं तर उद्यापासून बाहेर सोडणार नाहीत," या एका भीतीने किती वडीलधाऱ्यांची तोंडं मिटलेली असतील?

नकाशेकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. भूमापन कार्यालयात पस्तीस वर्षं ते नकाशे काढत होते, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. निवृत्तीनंतर चार महिने त्यांनी खुर्ची आणि टीव्ही यांच्यात काढले. पोट सुटलं, साखर वाढली, चिडचिड वाढली. मग त्यांच्या जुन्या मित्राने त्यांना अक्षरशः ओढून सायकलवर बसवलं. हा मित्र घड्याळदुरुस्ती करायचा, त्याला सगळे घड्याळजी म्हणत. दर रविवारी सकाळी साठी ओलांडलेली सात माणसं शहराबाहेरच्या तलावाचा घाट चढत. खाली चहाची टपरी, वर पाण्याची टाकी, मध्ये नऊ वळणं.

सुख खरंच होतं त्यात. साखर उतरली, झोप लागू लागली. पिंडऱ्या दाखवत "बघ, पंचविशीतल्या पोराच्या वाटतात की नाही?" असं बायकोला विचारण्याइतका उत्साह आला. सायकलीची किंमत तिला निम्मीच सांगितली होती, आणि ती खोटी आहे हे तिला ठाऊक होतं. दोघंही त्यावर हसत. हेल्मेट, हातमोजे, गादीची चड्डी, असा खर्च होतच राहतो. पण या छंदाचा खरा खर्च दुकानात होत नाही. तो कुठे होतो, तेच सांगायचं आहे.

या सात जणांत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुढारी होते. त्यांना कॅप्टन म्हणत. कोणी किती किलोमीटर सायकल चालवली, घाट किती मिनिटांत चढला, याची यादी ते दर रविवारी सगळ्यांच्या फोनवर पाठवत. एक अलिखित नियम होता: चढावर कोणी कोणासाठी थांबायचं नाही. आणि त्याहून पक्का दुसरा नियम असा, की कोणी आपलं दुखणं काढायचं नाही. "म्हातारपण घरी ठेवून यायचं," कॅप्टन म्हणत, आणि सगळे टाळ्या देत.

दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी नकाशेकाकांना चेव चढला होता. घाट चाळीस मिनिटांच्या आत चढायचाच! बाकीचे पाच जण पुढे निघून गेले होते. सहाव्या वळणावर घड्याळजी कडेला उतरून उभे दिसले. एक हात सीटवर, एक हात गुडघ्यावर. चेहरा धुतलेल्या कापडासारखा.

"काय रे?"

"काही नाही. चेन पडलीय. तू पुढे हो."

नकाशेकाकांची नजर आपसूक खाली गेली. चेन जागेवर होती. दात्यांवर नीट बसलेली, तेलाने चकाकणारी. त्यांनी ती स्पष्ट पाहिली.

आणि ते पुढे झाले.

एकोणचाळीस मिनिटं! वर पोचल्यावर सगळ्यांनी पाठ थोपटली. फोटो काढले. वीस-पंचवीस मिनिटांनी कोणीतरी म्हणालं, "अरे, घड्याळजी कुठे राहिला?" खाली येऊन पाहिलं तर सहाव्या वळणावर दगडी कठड्याला टेकून ते बसले होते, विसावा घेत असल्यासारखे. कॅप्टनने हाक मारली. मग खांद्याला हात लावला. मग त्यांनी स्वतःचं हेल्मेट काढलं.

पुढे सगळे एकच वाक्य म्हणू लागले: "काय भाग्यवान! आवडीचं काम करता करता गेला." नकाशेकाकाही मान हलवत. चेनचं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

पण तेव्हापासून त्यांच्या मागे कोणीतरी असे. मोकळ्या चाकाची ती बारीक टिकटिक, पॅडल थांबवल्यावर येते ती, पाठीमागे दहा-पंधरा हातांवर ऐकू येई. ते वेग वाढवत, तीही वाढवे. थांबून वळून पाहावं तर रस्ता रिकामा. घरी दुपारी पेपर वाचताना गॅलरीतून तीच टिकटिक येई. उठून पाहत, तर सायकल भिंतीला टेकलेली, चाकं निश्चल. बायको काही बोलली तरी त्यांना अर्धंच ऐकू येई. सायकल बंद करावी तर लोक काय म्हणतील? आणि चालवावी तर मागे तो! त्या दिवशी सकाळीही उतारावर त्यांनी मागे वळून पाहिलं, पुढचं चाक खडीत गेलं, आणि ते आडवे झाले. घरी येऊन त्यांनी बाथरूमचं दार लावून घेतलं, ते त्यासाठीच.

त्याच दुपारी घड्याळजींच्या बायकोचा फोन आला. "भावजी, यांची सायकल तुम्ही घेऊन जा. मला ती दारात बघवत नाही."

वहिनी तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या. घर नेहमीसारखंच नेटकं होतं. खिडकीपाशी घड्याळजींचं टेबल तसंच होतं: भिंग, बारीक स्क्रूड्रायव्हर, एक उघडं पडलेलं मनगटी घड्याळ. नकाशेकाकांना तिकडे बघवेना.

वहिनींनी टेबलावर एक घडी घातलेला कागद आणि गोळ्यांची पट्टी ठेवली. "सायकलच्या पिशवीत मिळालं. पंक्चरच्या सामानाखाली."

कागद एका हृदयरोगतज्ज्ञाचा होता, चार महिन्यांपूर्वीचा. तपासणी पूर्ण होईपर्यंत चढ टाळावा, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. गोळ्या जिभेखाली ठेवायच्या होत्या. पट्टीतल्या तीन संपल्या होत्या.

"तीस वर्षं मी परक्यांच्या छातीतलं दुखणं चेहऱ्यावरून ओळखलं," वहिनी म्हणाल्या, "आणि माझ्याच नवऱ्याने ते माझ्यापासून पंक्चरच्या डबीत लपवलं. मी बोलेन, सायकल बंद करायला लावेन, म्हणून. भावजी, शेवटी त्यांना भेटलेले तुम्हीच ना? ते काय म्हणाले?"

दोन महिने तोंडपाठ केलेलं उत्तर नकाशेकाकांच्या ओठांवर होतं. चेन पडली होती, एवढंच म्हणायचं. पण शब्द बाहेर आले ते वेगळेच.

"चेन पडलीय म्हणाला. पण चेन पडली नव्हती, वहिनी! मी पाहिलं. मी पाहिलं आणि तरी पुढे गेलो. मला चाळीस मिनिटांच्या आत पोचायचं होतं!"

ते दोन्ही हातांत तोंड घालून रडले. वहिनींनी गोळ्यांची पट्टी उचलून मुठीत धरली. त्या आता हाकलून देतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी तसं केलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं.

"मी थांबलो असतो तर तो वाचला असता का?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "कदाचित वाचले असते, कदाचित नसते. मी तुम्हाला खोटी समजूत घालणार नाही. पण एकटे गेले नसते."

मग त्या त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"राग आहे मला तुमचा. पण नुसता तुमचा नाही. त्यांचाही आहे, माझाही आहे. सायकल वाईट नाही, भावजी. ती शेवटची तीन वर्षं ते किती आनंदात होते, मी पाहिलंय. पण तुम्ही सात जण जमून काय करत होतात? वय चोरत होतात! धाप लागली तर लाज, थांबलं तर लाज. आणि आम्ही घरचे काय करत होतो? दुखलं म्हटलं की लगेच 'बंद करा' म्हणत होतो. मग माणूस खरं बोलेल कुठे? रस्त्यावर लाज आणि घरात बंदी. मधल्या मध्ये त्यांनी चेनचं निमित्त काढलं."

"मी आता काय करू?"

"ते मला नका विचारू. जे मला सांगितलंत, ते तिकडे सांगा. बाकीचे पाच जण अजून तो घाट चढताहेत ना?"

पुढच्या रविवारी टपरीवर नकाशेकाकांनी हेल्मेट काढून बाकावर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चेन, एकोणचाळीस मिनिटं, गोळ्या, कागद. बाही वर करून कोपरही दाखवला.

कॅप्टनचा चेहरा ताठ झाला. "झालं ते वाईटच झालं. पण आपण इथे मजा करायला येतो, दुखणी उगाळायला नाही."

"मजा?" नकाशेकाकांचा आवाज चढला. "माझ्या पाठीमागे दर रविवारी मेलेला माणूस सायकल चालवतो, कॅप्टन! ही मजा आहे?"

चहावाल्याचा हातही थांबला. मग निवृत्त हेडमास्तर हळूच म्हणाले, "माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना महिनाभर संवेदना नाही. मी एकाच हाताने ब्रेक लावतो."

"मला उतारावर मधूनच अंधारी येते," दुसरा म्हणाला.

"मला लघवीला जे होतं ते इथे सांगण्यासारखं नाही," तिसरा म्हणाला. "पण सीट बदलल्यापासून बरं आहे. डॉक्टरांना विचारायला मी आठ महिने लाजलो."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि हसता हसता हेडमास्तरांनी डोळे पुसले. कॅप्टन तेवढे हसले नव्हते. त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली. छातीवर उभा, जुना व्रण होता.

"चार वर्षं झाली ऑपरेशनला," ते म्हणाले. "मुलांना वाटतं मी बागेत फिरायला जातो."

त्या दिवशी कोणी घाट चढलं नाही. पुढे दोघांनी येणं सोडलं, त्यांना हे रडगाणं वाटलं. उरलेल्या चौघांनी आधी तपासण्या करून घेतल्या. कॅप्टनना चढ कायमचा बंद झाला. ते आता सपाट रस्त्यावर तलावाला फेरी मारतात, आणि मुलांना सांगून मारतात. फोनवरची यादी बंद झाली. जो सर्वांत सावकाश, तो सर्वांच्या पुढे, आणि एक थांबला की सगळे थांबणार, असं ठरलं.

पण टपरीवरून त्या रविवारी नकाशेकाका घरी गेले, तिथे काय झालं ते सांगायलाच हवं.

त्यांनी बायकोला समोर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती रागावली नाही. कोपरावरून हात फिरवत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आता माझं ऐकाल?"

"बोल ना."

"डाव्या डोळ्याने वाचताना ओळीच्या मधोमध काळा डाग दिसतो. दोन महिने झाले."

"दोन महिने? अगं, मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? सकाळी तुम्ही सायकलवर, दुपारी सायकलीचे व्हिडिओ, संध्याकाळी सायकलीची साफसफाई. आणि घड्याळजी गेल्यापासून तर तुम्ही समोर बसूनही घरात नव्हता."

घड्याळजींच्या बाबतीत आपण मागे वळून पाहिलं नाही, एवढंच नकाशेकाकांना इतके दिवस छळत होतं. शेजारी बसलेल्या माणसाकडेही पाहिलं नव्हतं, हे आज कळलं!

सोमवारी दोघं डोळ्यांच्या रुग्णालयात गेली. अर्जावरची बारीक अक्षरं तिला दिसत नव्हती, म्हणून तो त्यांनी भरायला घेतला. 'त्रास किती दिवसांपासून?' या रकान्यापाशी ती कुजबुजली, "दोन आठवडे लिहा. नाहीतर डॉक्टर रागावतील."

"रागावू देत," ते म्हणाले, आणि त्यांनी नकाशात गावांची नावं लिहीत तशा ठळक, सुवाच्य अक्षरात लिहिलं: दोन महिने.

डॉक्टर रागावलेच. आधी आला असतात तर बरं झालं असतं, म्हणाले. गेलेली नजर परत येईल असं नाही, पण उरलेली टिकवता येईल. उपचार सुरू झाले. नकाशेकाकांना मागची ती टिकटिक आजही कधीकधी ऐकू येते. आता ते वेग वाढवत नाहीत.

म्हणून, बंधुभगिनींनो, उतारवयात सायकल जरूर चालवा. पण ती चालवता यावी म्हणून दुखणं लपवू नका, आणि घरच्यांनो, खरं सांगणाऱ्याला बंदीची शिक्षा देऊ नका. छंदाची खरी किंमत पैशांत नसते. आपण जे बोलत नाही आणि जे पाहूनही पुढे जातो, त्यात ती असते. आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.