बेरजेत न धरलेल्या सासूबाई

मी एक कॅल्क्युलेटर. खिशात मावणारा नव्हे, टेबलावर ऐसपैस बसणारा. जन्म तैवानच्या कुठल्याशा कारखान्यातला, पण तिथलं काही आठवत नाही. मला कळायला लागलं ते इंग्लंडमधल्या फ्लीटवुड बंदराच्या मासळीबाजारात, आर्नल्ड लेडबेटर नावाच्या कारकुनाच्या टेबलावर.

कोणत्या बोटीची किती मासळी लिलावात गेली, कोणाचा वाटा किती, हे आम्ही दोघं मिळून काढायचो. त्यांचे हात कायम ओले, म्हणून ते माझी बटणं पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबायचे. पुढे बोटी कमी होत गेल्या, बाजार आटला आणि लेडबेटर निवृत्त झाले. मला त्यांनी घरी नेलं आणि जुन्या हातमोज्यांशेजारी खणात ठेवून दिलं. सहा वर्षं मी तिथे पडून होतो. आपला उपयोग संपला, असंच धरून चाललो होतो.

मग सरकार मुलंबाळं असलेल्या, बेताच्या कमाईच्या घरांना करसवलतीचे पैसे देऊ लागलं. त्यासाठीचा फॉर्म जाडजूड होता आणि त्यातला एक प्रश्न भल्याभल्यांना घाम फोडायचा: घराचं वर्षाचं उत्पन्न किती? लेडबेटरांनी दर गुरुवारी सकाळी गावच्या वाचनालयात टेबल मांडलं. येईल त्याला फुकट मदत. खण उघडला आणि मला पुन्हा उजेड दिसला.

तिथे मला माणसं कळली. आपली कमाई सांगताना ती आवाज खाली आणतात, दुखणं सांगावं तशी. पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा पगार माझ्या पडद्यावर पहिल्यांदा दिसलेला मी पाहिलाय. आणि बेरीज बरोबर आली तरी प्रत्येक जण म्हणतो, "पुन्हा एकदा करा." मी कधी कुरकुर केली नाही.

एका गुरुवारी नेव्हिल विग्नल आला. हा कोळी, दुसऱ्याच्या बोटीवर वाट्याने काम करणारा. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात वर्षभराच्या वाट्याच्या चिठ्ठ्या, काही पाण्याने फुगलेल्या. त्याची बायको शीला नोव्हेंबरमध्ये गेली होती. आधीचा अर्ज दोघांच्या नावावर होता, तो तिच्याबरोबरच संपला. आता एकट्याच्या नावाने नवा करायचा होता. कागदपत्रं सगळी शीलाच बघायची. बोलता बोलता तो तिच्या अक्षरातलं एक जुनं पाकीट उगाचच सरळ करत राहिला.

लेडबेटर चिठ्ठ्या वाचत गेले, मी मिळवत गेलो. बर्फाचे, जेवणाचे, रबरी बुटांचे पैसे वजा केले. शेवटी आकडा आला. नेव्हिलने तो बराच वेळ पाहिला.

"वर्षभर समुद्रावर काढून एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच असतं," लेडबेटर म्हणाले. "बाजारात मी असे पुष्कळ पाहिलेत. तू काही वाया घालवलेलं नाहीस."

मग त्यांनी विचारलं, घरात कोण कोण असतं? नेव्हिल म्हणाला, मी आणि तीन मुलं. मग तू बोटीवर गेलास की मुलांना कोण बघतं? यावर तो पुन्हा पाकीट सरळ करू लागला. खोदून विचारल्यावर कळलं की शीला आजारी पडल्यापासून सासूबाई घरी येऊन राहिल्या होत्या. पण शनिवारी त्या कार्लाइलला बहिणीकडे जाणार होत्या, कायमच्या. भांडणबिंडण काही नव्हतं. शेजारच्या बाईने त्यांना सांगितलं होतं की घराचं उत्पन्न म्हणजे एका छपराखालच्या सगळ्यांचं. त्यांचं पेन्शन त्यात मिळवलं की नेव्हिलला एक छदामही मिळायचा नाही.

"आणि तुला हे पटलं?" लेडबेटरांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं. पण धाकटी रोज त्यांच्या कुशीत झोपते. तिला अजून सांगितलं नाही."

सासूबाई बाहेर वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी कोट घालून बसल्या होत्या. एडना थ्रेलफॉल त्यांचं नाव. लेडबेटरांनी त्यांना आत बोलावलं. आल्या त्या पर्समधून पेन्शनचं पत्र काढतच. माझ्या शेजारी ते पत्र आपटून म्हणाल्या, "अजून शनिवार उजाडला नाही, म्हणजे मी त्याच घरात आहे. तेव्हा हेही मिळवा. खोटा अर्ज माझ्या नातवंडांच्या नावावर नको."

पेन्सिल माझ्यावर टेकली नाही. लेडबेटरांनी पत्र वाचलंसुद्धा नाही, घडी करून परत दिलं.

"या बेरजेत तुम्ही नाही, बाई."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी त्या घरातली नाही?"

"फॉर्मच्या घरातल्या नाही. फॉर्म विचारतो अर्जदाराचं आणि नवरा किंवा बायको असेल तर त्यांचं. सासूचं कोणी विचारलेलं नाही. तुम्ही तिथेच राहा, नाहीतर कार्लाइलला जा, आकडा हाच."

त्यांचा विश्वास बसेना. लेडबेटरांनी फॉर्मबरोबरची माहितीपुस्तिका काढून ते पान पुढे केलं. एडनाबाईंनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. नेव्हिल त्यांच्या बोटाकडे बघत होता.

"मग बहिणीला कळवायला हवं," त्या शेवटी म्हणाल्या. "तिने खोलीला रंग देऊन ठेवलाय. गुलाबी. देवानेच वाचवलं म्हणायचं."

नेव्हिल हसायला गेला आणि त्याला हुंदका आला. एडनाबाईंनी पर्समधला रुमाल त्याच्याकडे सरकवला. "नाक पूस," त्या म्हणाल्या, "आणि सही नीट कर. तुझी सही वाचता आली तर पैसे येतील."

पैसे आले, पाच आठवड्यांनी. फार नव्हते. तिन्ही पोरांना शाळेचे नवे बूट झाले, आणि वादळी हवेत बोट निघाली तर नाही म्हणायची हिंमत नेव्हिलला आली. हे मला एडनाबाईंनीच सांगितलं. म्हणजे सांगितलं लेडबेटरांना, मी ऐकलं. येताना त्यांनी आलं घातलेला केक आणला होता. त्याचे कण माझ्या सात आणि आठच्या फटीत अडकले. ते अजून पुरते निघालेले नाहीत, आणि निघावेत असं मला वाटतही नाही.

पुढे त्या दर गुरुवारी येऊन टेबलाच्या कडेला बसू लागल्या, चहाच्या निमित्ताने. रांगेतली एखादी आजी पेन्शनचं पत्र घट्ट धरून बसलेली दिसली की आधी तिलाच जाऊन सांगायच्या, "ते आत ठेवा. आपल्याला कोणी मोजत नाही."

आता ती योजना बंद झाली. नवे अर्ज संगणकावर भरतात, बेरीज तोच करतो. वाचनालयातलं टेबल उठलं. लेडबेटरांची नजर गेली आहे. ते खिडकीपाशी बसून रेडिओ ऐकतात आणि मी त्यांच्या मांडीवर असतो. माझ्या पडद्याचा उजवा कोपरा काळा पडलाय, शेवटचा आकडा दिसत नाही. त्यांनाही दिसत नाही, तेव्हा आमचं जमतं. सवयीने ते बटणं चाचपतात आणि मी मनापासून बेरीज करतो.

मला जे मिळालं ते माझ्या जातीच्या वस्तूंना क्वचित मिळतं. लोकांनी आपली लाज माझ्यासमोर उघडी केली, आणि जाताना बऱ्याच जणांची पाठ सरळ झालेली मी पाहिली. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुम्हाला सांगणं एवढंच: कमाई किती ते मला खुशाल विचारा, जमेल तोवर सांगेन. घरात कोण कोण आहे ते मात्र मला विचारू नका. ते तुमचं तुम्ही मोजा, आणि कोणी बोचकं बांधायच्या आत मोजा.