चार बोटं जास्त

माझी मुलगी स्पोर्ट्स कार बनवते. चारचौघांत मी हे वाक्य इथेच थांबवतो. पुढे बोललो की समोरचा विचारतो, ‘इंजिन का?’ मग सांगावं लागतं, ‘नाही, डिकी.’ आणि खरं सांगायचं तर अख्खी डिकीही नाही. दोन सीटच्या त्या गाडीत डिकीच्या तळाशी स्टेपनी ठेवायला जो गोल खळगा असतो, तेवढा माझ्या मुलीचा. चौदा महिने ती त्या खळग्यावर काम करत होती.

“चौदा महिन्यांत लोक घर बांधतात, दाजी,” माझा मेव्हणा म्हणाला.

“बांधतात,” मी म्हणालो, “पण ते गळतं.”

हा मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. त्याच्याकडे सात माणसांची गाडी आहे आणि तिच्यातून तो एकटाच फिरतो. दोन माणसांच्या गाडीला डिकी हवीच कशाला, दोन माणसांचं सामान खिशात मावतं, असं त्याचं मत. ते त्याने माझ्या मुलीला तिच्या वाढदिवशी, केक खाता खाता सांगितलं होतं.

खळग्याचं महत्त्व मुलीने मला एकदा जेवणाच्या टेबलावर ताटल्या मांडून समजावलं होतं. “बाबा, या गाडीची मागची चाकं रुंद असतात. जागा वाचवायची म्हणून स्टेपनी मात्र बारीक देतात. आता मागचं चाक पंक्चर झालं. तुम्ही स्टेपनी लावलीत. काढलेलं चाक कुठे ठेवाल?”

“स्टेपनीच्या जागी.”

“ती जागा बारीक चाकाची. रुंद चाक वर येतं, डिकी लागत नाही.”

“मग मागच्या सीटवर.”

“मागची सीट नाहीच.”

मी एक ताटली उचलून दुसरीत बसते का पाहिलं. “मग लोक काय करतात?”

“बायकोच्या मांडीवर देतात.”

“कोणाच्या?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

म्हणून मुलीने खळगा चार बोटं जास्त खोल ठेवला होता, रुंद चाक आडवं मावेल एवढा. आणि भांडण या चार बोटांचंच होतं. तिच्या विभागाचे मोठे साहेब म्हणत होते, या चार बोटांनी गाडीचं बूड खाली येतं, मागून पाहिलं की बाळाने लंगोट भरल्यासारखं दिसतं. खळगा कापा. सोमवारी निर्णय. खळगा कापला गेला असता तर चौदा महिने गेले असते आणि मुलगी दरवाजांच्या मुठींच्या विभागात गेली असती. मुठी वाईट असतात असं नाही. पण त्या तिच्या नव्हत्या.

त्या कारखान्यात एक चांगली पद्धत आहे. निर्णयाआधी गाडी एक दिवस ‘घरच्या माणसाला’ चालवायला देतात. इंजिनिअर लोक गाडीला फार जपतात, खरे हाल घरचा माणूस करतो, असा अनुभव. अट एकच. अडचण आली तरी कारखान्यात फोन करायचा नाही. संध्याकाळी एक कागद भरून द्यायचा. मुलीने घरचा माणूस म्हणून माझं नाव दिलं. मी आयुष्यभर हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात नोकरी केली. लोक छत्र्या, कवळ्या, एकदा तर सासूबाई विसरून गेले होते, आणि त्या प्रत्येकाला मी वस्तू परत देताना दोन शब्द सुनावले आहेत. असा माणूस काही विसरणार नाही, हे मुलीला माहीत होतं.

सामान बायकोने भरलं. तिची नोकरी काचसामानाच्या कारखान्यात, पॅकिंगला. तीस वर्षं तिने पेले खोक्यात भरले. चाचणीसाठी चार दिवसांचं सामान भरून दाखवायचं होतं. दोन बॅगा, एक थैली, छत्री, माझी उशी. उशीशिवाय मी कुठे जात नाही. बारीक स्टेपनीवर चार बोटांची जी फट उरली होती, तीत तिने चपला आणि रेनकोट सपाट घातले, वर झाकण टाकलं, बॅगा रचल्या आणि डिकी एका बोटाने बंद केली. टक्. मुलगी बाजूला उभी होती. तिने तो आवाज ऐकला आणि नाक पुसलं. सर्दी असावी.

निघालो. गाडी इतकी खाली की शेजारच्या सायकलवाल्याचे गुडघे मला डोळ्यासमोर दिसत होते. बायको म्हणाली, “बसलोय की पडलोय?” पण तिने ओढणी सारखी केली आणि पहिल्या चौकात तीन ओळखीच्यांना हात केला. त्यातले दोन अनोळखी निघाले.

वाटेत मेव्हण्याचं घर लागत होतं. लागत होतं म्हणजे मी लावलं. वीस मिनिटांचा वळसा आहे. बायको वहिनींबरोबर आत गेली आणि मेव्हणा अंगणात आला. त्याने गाडीला एक फेरी मारली. “स्टेपनीच्या नावाखाली सगळी जागा खाल्लीय हिने.”

“खळगा पाहिलास का?” मी म्हणालो. “किती खोल आहे ते बघ तरी.”

“स्टेपनी आत असताना काय दिसणार?”

हा प्रश्न बरोबर होता. मी बॅगा उतरवल्या, स्टेपनी बाहेर काढली, त्याच्या अंगणातल्या झाडाला टेकवून ठेवली आणि खळगा मोकळा करून दाखवला. मेव्हण्याने त्यात हात घातला, कोपरापर्यंत. काही बोलला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा तो काही बोलला नाही. या विजयाच्या भरात मी सामान स्वतःच परत भरलं. आणि काय सांगू, सकाळपेक्षा छान बसलं! एक अख्खी बॅग खळग्यातच मावली.

रस्त्याला लागल्यावर मी बायकोला म्हणालो, “डिकीत अजून एक उशी मावेल. सामान जिरलं बघ.”

“सामान जिरत नसतं,” ती म्हणाली. “काय राहिलं?”

“काही नाही.”

“काहीतरी राहिलंय.”

दोन वळणं घेतली आणि मागचं डावं चाक पंक्चर होऊन बसलं.

मी डिकी उघडली, बॅगा काढल्या, खळग्यात पाहिलं. खळगा खरोखरच खोल होता. बायको माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिने एकच प्रश्न विचारला, “छत्र्या, कवळ्या विसरणाऱ्यांना तुम्ही काय म्हणायचात हो?”

कारखान्यात फोन करायचा नव्हता. मुलीला तर अजिबात नाही. जगात एकच माणूस असा होता ज्याला ती स्टेपनी कुठे आहे हे माहीत होतं. मी त्याला फोन लावला.

“दाजी,” तो म्हणाला, “मी वाटच पाहत होतो.”

तो आला. सात माणसांच्या गाडीत, मधल्या सीटवर, बेल्ट लावून, स्टेपनी. “पाहुण्यांना घेऊन आलोय,” तो म्हणाला. “वाटेत काही बोलले नाहीत. तुमच्यावर नाराज आहेत.”

दोघांनी मिळून जॅक लावला, स्टेपनी बसवली. आता पंक्चर चाक आमच्या मधोमध उभं होतं. जाड, काळं, पोट सुटलेल्या माणसासारखं. मेव्हण्याने हात झटकले. “हे माझ्या गाडीत टाकू. भरपूर जागा आहे.”

तो मदतच करत होता. पण हे चाक त्याच्या गाडीतून घरी गेलं, तर कागदावर मला तसंच लिहावं लागलं असतं, आणि साहेबांनी विचारलं असतं, मग चार बोटं हवीत कशाला?

“राहू दे,” मी म्हणालो. “याची जागा ठरलेली आहे.”

चाक आत सोडलं. ते खळग्यात उतरलं, थोडं अडखळलं. मग बायकोने त्यावर पंजा ठेवून थोडं फिरवलं, आणि ते खाली बसलं. काठाशी काठ. हात फिरवला तर सपाट. पण आता चपला, रेनकोट आणि ती बॅग, सगळं उघड्यावर होतं. मेव्हणा म्हणाला, “आणि हे? खिशात?”

“दादा, बाजूला हो,” बायको म्हणाली. तिने चाकाच्या पोटातल्या पोकळीकडे पाहिलं, तीस वर्षं पेल्याकडे पाहायची तसं. पेल्याच्या आत पेला, त्याच्या आत मीठदाणी. चपला पोकळीत गेल्या, रेनकोट त्यांच्याभोवती, थैलीतलं सगळं फटींमध्ये. झाकण, बॅगा, छत्री. माझी उशी तिने सर्वांत शेवटी, बाजूने सरकवली. एका बोटाने डिकी लावली.

टक्.

मेव्हण्याने डिकी उघडून पुन्हा लावली. मग आणखी एकदा. “हे आपल्या पोरीने केलंय?” तो म्हणाला. मघापर्यंत ती फक्त माझी पोरगी होती.

संध्याकाळी कागद भरायला बसलो. ‘काही अडचण?’ यापुढे तीन ओळी होत्या. अंगणाचा भाग गाळता आला असता. बायको समोर भाजी निवडत बसली होती, वर न पाहता. मी सगळं लिहिलं. स्टेपनी कोणी काढली, का काढली, कोणत्या झाडाला टेकवली. मागचं पानही भरलं. मेव्हण्याने साक्षीदार म्हणून सही केली आणि खाली स्वतःहून लिहिलं, ‘चाक मावले. मी पाहिले. मी सहजासहजी काही मान्य करत नाही.’

सोमवारी दुपारी मुलीचा फोन आला.  मागे माणसं हसत होती.

“बाबा, साहेबांनी तुमचा कागद उभं राहून वाचून दाखवला. सगळ्यांसमोर.”

“खळगा कापला?”

“ऐका तरी. ते म्हणाले, ज्या माणसाने एवढं सगळं चुकवलं, त्याचंही चाक आणि सामान आत गेलं. आता आणखी कोणती चाचणी घ्यायची? चार बोटं राहिली, बाबा. बूड तसंच दिसणार.”

मी बायकोला खूण केली. तिने मान हलवली, निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

“आणि एक,” मुलगी म्हणाली. “तुमच्या कागदावरून डिकीच्या झाकणाला आतून एक सूचना चिकटवायची ठरलीय. प्रत्येक गाडीत.”

ती सूचना मी पुढे कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या पहिल्या विक्रीच्या गाडीत स्वतः वाचली. मेव्हण्यालाही नेलं होतं. पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरं: ‘खळगा दाखवण्यासाठी स्टेपनी काढू नये.’

तर आता विचारा मला. त्या गाडीतला खळगा माझ्या मुलीचा, तो भरायची रीत तिच्या आईची, आणि लेखी मजकूर माझा. इंजिन कोणीतरी दुसऱ्याने केलंय.