भांडी घासायची कॅसेट

आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात गाणं वाजत नाही. रेडिओ नाही, टीव्हीवर फक्त बातम्या. वर्षाचा मिस्सा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी चर्चमधली प्रार्थना, झाला की मग मोकळं. माझी बायको बर्नाडेट मागच्या मे महिन्यात गेली. मी हा नेम नीट पाळला. भिंतीतल्या कपाटात आमच्या दोघांच्या मिळून काही शे कॅसेट आहेत. वर्षभर त्या कपाटाचं दार मी फक्त धूळ पुसायला उघडलं.

मिस्सा रविवारी सकाळी होता. शनिवारी दुपारी माझी मुलगी बियांका डोंबिवलीहून खोके घेऊन आली. मिस्सा झाल्यावर मी तिच्याकडे कायमचा राहायला जाणार होतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. माजिवड्याच्या आमच्या घराचा जिना आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि डोंबिवलीच्या मानपाड्याला तिच्या इमारतीत लिफ्ट आहे. अडचण एकच होती. तिकडे माझ्या खोलीत पलंग, कपाट आणि खिडकीखाली एक फळी, एवढंच मावतं. फळीवर माझा टू-इन-वन टेपरेकॉर्डर ठेवला की शेजारी एका खोक्याची जागा उरते.

"एक खोका, डॅडी," बियांका म्हणाली. "तुमच्या आवडीच्या काढून ठेवा. बाकीच्या प्रफुल्ल नेईल."

प्रफुल्ल तिच्या ऑफिसातला. कल्याणला राहतो, जुन्या कॅसेट जमवतो. चांगला माणूस आहे. आल्या आल्या त्याने कपाटासमोर जमिनीवर मांडी घातली आणि एकेक कॅसेट काढून उजेडात धरून बघायला लागला. डॉक्टर एक्स-रे बघतो तसा.

मी कारखान्यात फिटर होतो. गाण्यातलं शास्त्र मला कळत नाही. पण एखादी कॅसेट आवडली तर का आवडली, नाही आवडली तर का नाही, हे मी सांगू शकतो. बर्नाडेट त्याहून पुढची. ती कुठलीच कॅसेट वर छापलेल्या नावाने ओळखायची नाही. सगळ्यांना तिने स्वतःची नावं ठेवलेली. माझी एक गझलांची दोन कॅसेटची पेटी आहे. तो गायक आवाज चढवत नाही, शब्द घाईने गिळत नाही, आणि मागे तबला असा वाजतो की आहे हे कळावं पण मध्ये येऊ नये. मला विचाराल तर आमच्या घरातली सगळ्यात चांगली कॅसेट तीच. बर्नाडेट तिला 'पेजेची' म्हणायची.

"त्या माणसाला कोणीतरी वाटीभर पेज द्या," ती म्हणायची. "चार दिवसांचा उपाशी वाटतो."

"तुला काय कळतं?" मी म्हणायचो.

"मला एवढं कळतं की ज्याचं पोट भरलंय तो असा कण्हत नाही."

आणि तिची लाडकी म्हणजे 'भांडी घासायची'. नव्वद सालानंतर पॉप अल्बमची लाट आली होती, तेव्हाची. कव्हरवर एक मुलगा मोटरसायकलला टेकून उभा, आणि ती मोटरसायकल त्याची नाही हे बघताच कळतं. पहिलं गाणं बरं आहे. बाकी सगळी भरती. एकच ठेका, वर शब्द बदललेले. पण बर्नाडेटच्या मते भांडी घासायला यापेक्षा चांगला ठेका जगात नव्हता. पहिलं गाणं संपलं की ओल्या हातांनी रिवाइंडचं बटण दाबायची. ते बटण मी तिच्यामुळे दोनदा दुरुस्त केलं.

तर मी खोका भरायला बसलो. 'पेजेची' पहिली ठेवली. मग ख्रिसमसची, त्या अमेरिकन गायकाची. ती आमच्यातल्या प्रत्येक घरात असते, नसेल तर त्या घरात काहीतरी बिनसलंय असं समजावं. मग कोळीगीतांच्या, मग गोव्याच्या एका गायकाची कोंकणी. खोका भराभर भरत गेला. मी जरा मागे सरकून बघितलं. सगळ्या चांगल्या कॅसेट. पण तो खोका बघून वाटलं, हा कोणाही माणसाचा खोका आहे. ज्याच्या कानाला चांगलं-वाईट कळतं अशा कोणाही माणसाचा. त्यात बर्नाडेट कुठे आहे?

काय चुकतंय ते मला कळेना. तिच्या आवडीच्या काही उचलून त्यात घालाव्यात म्हटलं, तर तेही खोटं वाटलं. मी त्या कधी मनापासून ऐकल्या नव्हत्या. पण मी ठरवून बसलो होतो. उद्या मिस्सा, मग टेम्पो. खोका आजच भरायचा आणि बरोबर भरायचा. तिच्या घरातून मी जे नेणार ते एवढंच होतं. कपडे तर आयव्हीने, तिच्या बहिणीने, कधीच वाटून टाकले होते.

तेवढ्यात प्रफुल्लने 'भांडी घासायची' हातात घेतली, उलटी केली आणि हसला.

"अंकल, ही भंगारात टाका. ही कोणी घेत नाही. एका गाण्याचा अल्बम, बाकी सगळी भरती."

शब्द न् शब्द माझाच. हेच मी तिला तीस वर्षं सांगत होतो. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"भरती असेल," मी म्हणालो. "पण ठेका बघितलास का? भांडी घासून बघ त्याच्यावर."

प्रफुल्लने बियांकाकडे बघितलं. बियांका माझ्याकडे बघत होती.

"डॅडी, तुम्हीच तर म्हणायचे..."

"मी म्हणायचो. याने कशाला म्हणायचं?"

मी कॅसेट त्याच्या हातातून काढून घेतली. बिचारा "सॉरी अंकल" म्हणाला आणि पुढची उचलली. मी ती हातात धरून बसलो. खोक्यात घालू की नको, तेही कळेना.

संध्याकाळी बँडचा आवाज आला. आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरी रविवारी लग्न होतं. आदल्या संध्याकाळी आमच्यात उंबराचं पाणी आणतात. बायका लुगडी नेसून, घागरी घेऊन, बँड वाजवत विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात. आमच्या विहिरीवर आता महापालिकेने लोखंडी जाळी बसवली आहे. जाळीला छोटं दार ठेवलंय, त्यातून बादली सोडायची. विहिरीकडचा रस्ता आमच्या दारावरून जातो.

बँड डिनोचा. आधी त्याच्या बापाचा होता. आमच्या लग्नात तोच बँड होता, आणि पुढे त्याच्या बापाने लग्नाच्या गाण्यांची एक कॅसेटही काढली. ती अर्थातच आमच्या कपाटात आहे. तिच्यावरून आमचं भांडण लग्नाच्या दिवसापासूनचं. बर्नाडेटचं म्हणणं, ढोलवाला घाई करतो. कर्णा मागे राहतो आणि ढोल पुढे पळतो, जेवणाची पंगत चुकेल की काय म्हणून. माझं म्हणणं, लग्नाच्या बँडने पळायलाच पाहिजे, नाहीतर तो मिस्साच्या गाण्यासारखा होईल. हा बँड दारावरून गेला की ती फाटकात उभी राहून म्हणायचीच, "बघ, पळाला."

आवाज जवळ आला. आमच्या फाटकापाशी पोचला आणि थांबला. ज्या घरात वर्ष पाळतात त्याच्या दारात बँड वाजत नाही. मला माहीत होतं, मी स्वतः शंभरदा असं शांतपणे चाललोय. पण आतून ऐकताना वेगळंच वाटलं. नुसत्या चपला घासत गेल्याचा आवाज. घागरींना बांगड्या लागल्याचा आवाज. एका बाईने दुसरीला हळूच "बोलू नको गं" म्हटलं तेही ऐकू आलं. सगळे माझ्या घरावरून चोरासारखे चालले होते.

त्या शांततेत 'बघ, पळाला' म्हणायला काही नव्हतंच.

मी उठलो. कॅसेट हातातच होती. जिना उतरून फाटकात गेलो.

"डिनो!"

डिनोने टोपी काढली. "अंकल."

"वाजव."

"अंकल, आज नाय. उद्या मिस्सा आहे ना आंटीचा. उद्या नवरी चर्चातून येताना वाजवतो, तुमच्या दारात थांबून वाजवतो."

"उद्या मी डोंबिवलीला चाललो. आज वाजव."

समोरच्या ओट्यावर आयव्ही उभी होती. नेहमीप्रमाणे तिला सगळं ऐकू आलं. "ऑस्वल्ड, वर्षभर काढलंस, एक दिवस निघत नाय तुला? बर्नी वरून बघतेय."

"बघू दे. आणि ऐकू पण दे. वर्षभर तिने काही ऐकलं नाही."

"लोक काय बोलतील?"

"लोक काय बोलायचं ते बोलतील. बर्नाडेट काय बोलेल ते मला माहीत आहे." मी डिनोकडे वळलो. "तुझ्या बापाच्या कॅसेटवरचं दुसरं गाणं. चल."

डिनोने आयव्हीकडे बघितलं, मग बायकांकडे. नवरीची आई पुढे होती. तिने मान हलवली. डिनोने टोपी घातली आणि हात वर केला.

वाजायला लागलं. चार ओळी बरोबर गेल्या. मग ढोलवाला सुटला. कर्णेवाला लालभडक झाला तरी त्याला गाठता येईना.

"बघ, पळाला," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. आणि लगेच माझ्या तोंडून निघालं, "पळू दे ना. लग्न आहे."

बियांका माझ्या मागे येऊन उभी होती. तिने माझा दंड धरला. बँड विहिरीकडे गेला. आयव्ही ओट्यावर डोळे पुसत होती आणि माझ्याकडे रागाने बघतही होती. दोन्ही तिला एकदम जमतं.

मी आत आलो आणि खोका रिकामा केला. सगळ्या कॅसेट जमिनीवर ओतल्या.

"अरे देवा," बियांका म्हणाली. "आता काय?"

"आता बरोबर भरतो."

ख्रिसमसची उचलली आणि प्रफुल्लच्या ढिगात ठेवली.

"डॅडी! ही नाही! ही तर आपण दरवर्षी..."

"ही तुझ्या फोनवर आहे. लावायची तेव्हा लाव. मला आवडते, तुझ्या आईलाही आवडायची. पण तिच्यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. चांगली आहे, संपलं."

कोळीगीतं प्रफुल्लकडे. कोंकणी प्रफुल्लकडे. त्यांच्याबद्दल आम्हा दोघांचं एकमत होतं. प्रफुल्लचा चेहरा उजळत चालला. त्याने हळूच 'पेजेची'कडे हात नेला.

"अंकल, ही पेटी तर आता मिळत नाही हो कुठे..."

"ती नाही. ती पेजेची आहे."

"कशाची?"

"तुला कळणार नाही. हात काढ."

'पेजेची' खोक्यात. डिनोच्या बापाची खोक्यात. आयव्हीने एकदा विसरलेली डिस्कोची खोक्यात. त्या डिस्कोपायी आम्ही एका नाताळला दोन दिवस बोललो नव्हतो. मी म्हणालो होतो त्यात गाणारी बाई शिंकतेय, आणि बर्नाडेट म्हणाली होती ती स्टाइल आहे. पाद्रींनी कीबोर्डवर बसवलेली भक्तिगीतं, जी मला गुळमट वाटतात आणि तिला पवित्र वाटायची, तीही खोक्यात. आणि सगळ्यांच्या वर 'भांडी घासायची'. खोका भरला. प्रफुल्लला चांगल्या कॅसेट मिळाल्या आणि मला पाहिजे त्या मिळाल्या. जाताना त्याने बियांकाला जिन्यात काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "नाही रे, ते ठीक आहेत." मला ऐकू आलं. मी ठीकच होतो.

रविवारी मिस्सा झाला. फादरने बर्नाडेटचं नाव नीट घेतलं. आयव्ही माझ्याशी बोलली नाही, पण फुग्यांचा, आमच्यातल्या तळलेल्या गोड पावांचा, डबा बियांकाच्या हातात दिला, म्हणजे बोलल्यासारखंच. दुपारी आम्ही मानपाड्याला पोचलो. मी फळीवर टू-इन-वन ठेवला, प्लग लावला आणि शेजारी खोका ठेवला.

पहिली कुठली लावायची हे मी टेम्पोतच ठरवलं होतं. 'भांडी घासायची' लावली. दोन्ही बाजू ऐकायच्या, मध्ये उठायचं नाही, असंही ठरवलं होतं. तीस वर्षांत मी ती कधी पहिल्या गाण्याच्या पुढे नीट ऐकली नव्हती, कारण बर्नाडेट पुढे जाऊच द्यायची नाही. पहिल्या गाण्याची टेप एवढी झिजलीय की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. बाकीची गाणी नवीकोरी आहेत.

मी खुर्चीत बसून सगळी ऐकली. ए बाजू, मग बी बाजू. माझं मत बदललं नाही. पहिलं गाणं बरं, बाकी भरती. बी बाजूवरचं तिसरं तर फारच वाईट आहे. त्यात तो मुलगा मध्येच इंग्रजी बोलतो.

स्वयंपाकघरात बियांका दुपारची भांडी घासत होती. मी दारात गेलो.

"ऐकलंस? एका गाण्याचा अल्बम आहे. मी सांगत होतो."

तिने मागे वळून बघितलं नाही. हात चालूच होते, आणि ते ठेक्यावर चालले होते.

"डॅडी, तुम्हाला काय कळतं?" ती म्हणाली. "पहिलं परत लावा."

मी खोलीत गेलो आणि रिवाइंडचं बटण दाबलं. ते पुन्हा सैल झालंय. उद्या दुरुस्त करतो.