नऊ नंबरच्या बाईचं उत्तर

तिला सगळे चिमणी म्हणायचे. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि संशोधनासाठी तिने विषय घेतला होता हाडं मोडून वॉर्डात आलेल्या बायकांचा: दुखापत कशी झाली, घरी काळजी कोण घेतं. चाळीस फॉर्म भरायचे होते, एकोणचाळीस झाले होते. बहुतेक जणी म्हणे जिन्यावरून पडल्या होत्या. ते ऐकून तिची आई म्हणाली, "सगळ्यांचेच जिने एवढे निसरडे कसे गं?"

चाळिसावी बाई नऊ नंबरच्या खाटेवर होती. जबडा मोडलेला, दात तारेने आवळलेले, बोलायची सोय नव्हती. तिने पेन मागून घेतलं आणि फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'नवऱ्याने हातोडीने मारलं. मुलगी बघत होती.'

नवरा सुतार होता. दुपारी भेटायच्या वेळेला तो आला तेव्हा शाईही वाळली नव्हती. काय लिहिलंय, असं त्याने शांतपणे विचारलं. चिमणीने सांगितलं की कागद अभ्यासाचा आहे, कुणालाच दाखवत नाहीत.

"माझ्या बायकोचा कागद मला दाखवणार नाहीस?"

"नाही."

त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. मनगट मोडल्याचा आवाज तिने आधी ऐकला, कळ नंतर आली. कागद पोटाशी धरून ती फरशीवर पडली. दुसरा फटका पाठीत बसला, तिसरा कानावर. मग तो बुटाने तिच्या बरगड्या तुडवायला लागला. शेजारच्या खाटांवरच्या बायका पाय प्लास्टरमध्ये अडकल्यामुळे नुसत्या बघत राहिल्या.

नऊ नंबरची बाई उठली. तिने स्टीलचा भरलेला तांब्या दोन्ही हातांनी उचलून नवऱ्याच्या डोक्यात घातला. तो खाली बसला, तरी ती थांबली नाही. तिसऱ्या घावाला तो आडवा झाला. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर धावत आल्या तेव्हा रक्त खाटेखाली पसरत होतं. त्यांनी तांब्या काढून घेतला आणि चिमणीच्या धड हातात गॉजचा बोळा कोंबला. "याच्या जखमेवर दाबून धर. मी डॉक्टरांना आणते."

चिमणीने दाबून धरलं.

पोलीस आले. साहेबांनी कागद मागितला. "तो माझा नाही, त्यांना विचारा," ती म्हणाली. नऊ नंबरच्या बाईने मजकुराखाली नाव, तारीख लिहिली, सही केली आणि कागद स्वतः साहेबांच्या हातात दिला. सुताराला चौदा टाके पडले. तो शुद्धीवर आला तेव्हा दारात शिपाई होता, तिथूनच त्याची रवानगी कोठडीत झाली. बायको मुलीला घेऊन बहिणीकडे गेली.

मार्गदर्शक मॅडमनी सुचवलं की एकोणचाळीसच धर, भानगड नको. चिमणीने बाईची लेखी परवानगी आणली आणि चाळीसच धरले. अहवाल एका हाताने टाइप करायला तिला तीन आठवडे जास्त लागले. डाव्या कानाने आता तिला कमी ऐकू येतं.

अहवालात न लिहिलेली एक गोष्ट तिने फक्त मोठ्या सिस्टरना सांगितली. तो कण्हत होता, आणि त्याला आणखी दुखावं म्हणून तिने गरजेपेक्षा जोरात दाबलं होतं.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "माझ्याही हातून झालंय एकदा. अजून सलतं."