निळा की काळा, मला कुणी विचारलं?

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि डोकं तापणं म्हणजे काय, हे मला विचारा. दिवाळीच्या आधीचा अख्खा महिना माझी पाठ तव्यासारखी तापलेली होती. कारण काय, तर आमच्या घरात एकच विषय: निळा फोन घ्यायचा की काळा? दोन्ही नवे, दोन्ही स्वस्तातले, दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी. त्यांची तुलना करणारे व्हिडिओ बघायचे कशावर? माझ्यावर. माझ्या जागी कुणाला आणायचं, हे ठरवायला मलाच राबवलं. याला काय म्हणावं?

वर त्या व्हिडिओतला माणूस सुरुवातीलाच ओरडतो, "मित्रांनो!" अहो, हा शब्द आमचा. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, म्हातारा बैल, आम्ही सगळे आपली कहाणी सांगताना तुम्हाला याच नावाने हाक मारत आलो. हा गृहस्थ दोन फोन शेजारी ठेवतो, उलटेपालटे करतो, एकाच फुलाचे दोन फोटो काढतो आणि शेवटी म्हणतो, "दोन्ही आपापल्या जागी चांगले आहेत, निर्णय तुमचा." मग इतका वेळ माझी बॅटरी कशाला खाल्लीस, बाबा?

खरं सांगायचं तर मीही एकेकाळी अशाच तुलनेत जिंकलेला फोन आहे. एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं, तपासलं, पुसलं आणि खोक्यात निजवलं. तिथून मी अहिल्यानगरला आलो, सावेडीतल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. हर्षल नावाचा तरुण तिथल्याच एका बेकरीत कामाला होता. त्याने मला दुसऱ्या एका फोनशेजारी ठेवून बराच वेळ तोललं आणि माझा पुढचा कॅमेरा सरस ठरवला. काय कौतुक झालं माझं! काचेवर काच बसवली, पाठीवर कव्हर चढवलं. पावाच्या पिठाचा हात मला लागू नये म्हणून तो आधी रुमालाला हात पुसायचा. पुढे नवं मॉडेल आलं, हर्षलने ते घेतलं आणि भाऊबीजेला मी त्याच्या बहिणीच्या ओवाळणीच्या ताटात जाऊन पडलो.

बहिणीचं नाव रेश्मा. पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवर तिचं घर. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा छगन ऊसतोडीला काष्टीकडे जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत फडाशेजारी कोपी घालून राहतात. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची खोप, वर ताडपत्री. त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी शाळेसाठी वाडीवरच थांबते, आजीजवळ. केशरबाई तिचं नाव, कानाने जरा कमी. त्या घरात फोन नव्हता. ज्ञानेश्वरी शेजारच्या राजेश्वरीकाकूंच्या फोनवरून आईला फोन करायची आणि मी तो आईपर्यंत पोचवायचो. एवढंच माझं काम.

माझ्या त्या सरस कॅमेऱ्याचं पुढे काय झालं, विचारता? काही नाही झालं. फडावर माझी वापरली गेली ती फक्त बॅटरी, पहाटे उजेड पाडायला, आणि घंटी. कोपीत वीज नाही. ट्रॅक्टरवाला मेहेरबान असला तर त्याच्या गाडीवर माझी भूक भागायची, नाहीतर बाजारच्या दिवशी काष्टीतल्या चहाच्या टपरीवर. बाकी दिवस मी भाकरीच्या पिशवीत बांधावर लटकलेला. लेकीशी बोलणं झालं की रेश्मा माझी काच पदराने खसाखसा पुसायची. उसाचा रस फार चिकट असतो. मला त्या पुसण्याचा वैताग यायचा, कारण तिच्या पदराला पाचटाची कुसळं असायची आणि माझ्या काचेवर ओरखडे उठायचे.

गेल्या हंगामात एक गोष्ट घडली. तिच्यामुळेच पुढचं सगळं रामायण झालं. ज्ञानेश्वरी शाळेच्या पायरीवरून पडली आणि तिचा हात मोडला. पाथर्डीला दवाखान्यात प्लॅस्टर घालायच्या आधी तिने काकूंच्या फोनवरून आईला फोन लावला. मी वाजलो. रेश्मा मोळी टाकून धावत आली. तिने अंगठ्याने माझ्यावरचा हिरवा गोल सरकवला, पण तो सरकेना. कोयता धरून धरून तिचा अंगठा खरवडून गेलेला, त्यावर भेगा, भेगांत रस आणि माती. माझ्या काचेला तो अंगठा माणसाचा वाटेचना. घंटी बंद पडली. पुन्हा वाजली, पुन्हा तेच. काच फोडून तिच्या कानाला लागावं असं मला वाटलं, पण ते माझ्या हातात नव्हतं. शेवटी पुन्हा वाजलो तेव्हा तिने मला तोंडासमोर धरलं आणि नाकाने सरकवलं! लगेच लागला फोन.

पलीकडून ज्ञानेश्वरी रडत होती. "आई, तू उचलीत का नव्हतीस गं?"

रेश्मा नुसती "आले गं बाई, आले" म्हणत राहिली. त्या दिवसापासून ती फोन नाकानेच उचलायची. फडातल्या बायका हसायच्या, तीही हसायची. पण मी वाजलो की आधी तिच्या तोंडावर भीती दिसायची, की या खेपेलाही उचलला गेला नाही तर?

म्हणून ठरलं, यंदा नवा फोन घ्यायचा. तो रेश्माबरोबर फडावर जाणार आणि मी वाडीवर ज्ञानेश्वरीजवळ राहणार. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. मग तुलना सुरू झाली आणि शहाणपण गावाबाहेर गेलं.

सुट्टीला आलेला हर्षल म्हणाला, "ताई, निळा घे. कॅमेरा बघ त्याचा! चंद्राचा फोटो येतो."

छगन म्हणाला, "चंद्राला काय करायचं? काळा घ्यायचा. आमच्या मुकादमाकडं हाय. लई दणकट दिसतो."

"दाजी, दिसण्यावर फोन घेतात का?"

"मंग चंद्रावर घेत्यात व्हय?"

आणि दोघांनी मिळून पुन्हा माझ्यावर व्हिडिओ लावला. निळा अमुक सेकंदात उघडतो, काळा तमुक सेकंदात. निळ्यावर गेम अडकत नाही. गेम! मी कपाळावर हात मारला असता, पण मला दोन्ही नाहीत. ज्या बाईसाठी फोन घ्यायचा ती चुलीशी बसून भाकरी थापत होती आणि तिला कुणी एका शब्दाने विचारत नव्हतं. मलाही कुणी विचारलं नाही. मी तिच्याबरोबर इतके हंगाम काढले, तिचा अंगठा माझ्याइतका कुणाला ठाऊक आहे?

एकटी ज्ञानेश्वरी तेवढी शहाणी. दोघं जेवायला बसले की ती मला उचलून कोपऱ्यात न्यायची आणि माझ्यावर टाईप करायची, "स्क्रीनला हात न लावता फोन कसा उचलायचा?" मी शोधशोध शोधायचो. तुलनेच्या एकाही व्हिडिओत याचं उत्तर नव्हतं. शेवटी एका जागी सापडलं, की काही फोनांत तशी सोय असते, बाजूचं बटण दाबलं की फोन उचलला जातो. तिने ती माझ्यात हुडकली. माझ्यात ती नव्हती. मला फार वाईट वाटलं.

मग सगळे पाथर्डीला दुकानात गेले. मी रेश्माच्या पिशवीत. दुकानदाराने दाखवायला ठेवलेले निळा आणि काळा काउंटरवर मांडले. दोघेही असे चकचकीत, की बघून मला माझेच खोक्यातले दिवस आठवले.

"हे बघा, बोट ठेवलं की उघडतो," दुकानदार म्हणाला. "ताई, अंगठा ठेवा."

रेश्माने ठेवला. निळा थरथरला आणि 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणाला. तिने पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. हर्षलने तिचा अंगठा रुमालाने पुसला, छगनने फुंकर मारली. काळ्यानेही नाही म्हटलं. रेशनच्या यंत्रासमोरही तिचं असंच होतं.

"ताईंच्या अंगठ्याला रेषाच राहिल्या नाहीत," दुकानदार सहज बोलून गेला.

रेश्माने हात पदराखाली घेतला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "न्हाई घ्यायचा मला. हाय तो बरा हाय." आणि ती दाराकडे वळली.

मित्रांनो, मला त्या दोन्ही फोनांचा इतका संताप आला! कालची पोरं! या अंगठ्याने किती ऊस तोडला, ठाऊक आहे का तुम्हाला?

ज्ञानेश्वरी आईच्या आडवी उभी राहिली. "थांब ना, आई. काका, यात आईचं सिम घालून फोन वाजवून बघू द्या ना एकदा."

दुकानदाराने कुरकुर करत माझं सिम काढलं. मी काउंटरवर उताणा पडून वर वाकलेले चेहरे बघत राहिलो. सिम निळ्यात घातलं, ज्ञानेश्वरीने मामाच्या फोनवरून नंबर लावला आणि निळा वाजू लागला. रेश्माने अंगठा सरकवला. काही नाही.

"आई, नाकानं उचल."

"इथं? मानसं बघत्यात, ज्ञाने."

"बघू दे."

रेश्माने नाक नेलं. नाक जवळ आलं की निळ्याला वाटायचं आपण कानाशी गेलो, आणि तो पडदाच विझवून टाकायचा! चंद्राचा फोटो काढतो म्हणे. त्याला समोरच्या बाईचं नाक ओळखता येईना.

निळ्याच्या सेटिंगमध्ये ती बटणाची सोयही सापडली नाही, मग सिम काळ्यात गेलं. ज्ञानेश्वरीने आधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बरीच खुडबुड केली. तिला हवं ते सापडलं तेव्हा तिच्या तोंडावर जे आलं, ते टिपायला माझा कॅमेरा त्या क्षणी वर तोंड करून मोकळाच होता, पण बटण कुणी दाबलं नाही. काळा वाजला.

"आई, हे कडंचं बटन दाब. वरचं."

रेश्माने दाबलं. अंगठा भेगाळलेला असो, चिकट असो, बटणाला काय त्याचं! दाबल्यासरशी उचलला. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ज्ञानेश्वरी मामाच्या फोनात म्हणाली, "हॅलो, आई?" समोरासमोर उभ्या असून दोघी फोनवर बोलल्या. रेश्माने काळा कानाला लावून नुसतं "बोल, बाय" म्हटलं.

"मी म्हनलंच हुतं, काळा घ्या म्हनून!" छगन म्हणाला. घ्या! म्हणे मी म्हणालो होतो.

हर्षल मात्र बहिणीच्या अंगठ्याकडे बघत होता. "ताई, मी तुला तुझ्या हाताचं विचारलंच नाही गं," एवढंच बोलून त्याने मला काउंटरवरून उचललं, पूर्वीसारखं रुमालाने पुसलं आणि माझ्यात नवं सिम घालून भाचीच्या हातात दिलं.

आता मी वाडीवर असतो. हंगाम सुरू झाला त्या संध्याकाळी ज्ञानेश्वरीने ओट्यावर बसून पहिला फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती आणि कुणी उचलेना. तिची बोटं माझ्या पाठीवर घट्ट झाली. मीही घाबरलो. मग आवाज आला, "हॅलो, ज्ञाने! उचलला बघ. आदी नाकच लावलं हुतं, सवय हाय ना. मंग बटन आठवलं." दोघी पोट धरून हसल्या. मग बोलल्या. मग फोन बंद झाला.

तरीही ज्ञानेश्वरीने मला कानालाच धरून ठेवलं. थोड्या वेळाने खाली घेतलं आणि ओढणीने माझी काच खसाखसा पुसली. मी विचारात पडलो. इथे ऊस नाही, रस नाही, हिचे हात स्वच्छ धुतलेले. मग ही काय पुसते? काच ओली होती, मित्रांनो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की फडावर तिची आईसुद्धा रस पुसत नव्हती. इतके हंगाम मी त्या ओरखड्यांवरून कुरकुर केली.

आता एक विनंती. माझ्या चार्जिंगच्या भोकात टाचणी घालू नका, मला उन्हात ठेवू नका, हे तर आहेच. पण फोन घ्यायला जाल तेव्हा निळ्याची काळ्याशी तुलना नंतर करा. ज्याच्या हातात तो जाणार, तो हात आधी आपल्या हातात घेऊन बघा. आणि घरच्या माणसाचा फोन वाजला, तर हाताने, बटणाने, नाकाने, कशानेही, पण उचला.